किचन चिमणी सफाई-दुरुस्तीच्या स्थानिक व्यवसायाची वेबसाइट: ठाणे-नवी मुंबईसाठी काय हवं, काय नको

खाडीकाठ (धागाकर्ता)

मंडळी, आपल्याकडे चिमणी सर्व्हिस करणारे बहुतेक जण दोन ते पाच माणसांची टीम घेऊन काम करतात. असला तर वागळे इस्टेट, कळवा किंवा तुर्भ्याकडे एखादा गाळा, नाहीतर घर हेच ऑफिस. कामं येतात सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून आणि गूगल मॅपवरून. अशा व्यवसायाला साइट कशी असावी, यावर इथल्या वेब करणाऱ्यांनी आणि चिमणी उघडणाऱ्यांनी दोघांनीही लिहावं म्हणून हा धागा.

आधी टेम्प्लेटबद्दल. "चिमणी सफाई" म्हणून तयार मिळणारी बहुतेक टेम्प्लेट्स अमेरिकेतल्या शेकोटीच्या धुराड्यांसाठी केलेली असतात. तिथे लाकूड जळतं, धुराड्यात क्रिओसोट (धुराचा ज्वलनशील चिकट थर) साचतं आणि त्यातून आग लागते. म्हणून तिथल्या अग्निसुरक्षा संस्थेचं एनएफपीए 211 हे मानक वर्षातून एकदा तपासणी सांगतं आणि तपासणीच्या तीन पातळ्या ठरवून देतं. हे सगळं तिथे बरोबरच आहे. पण कासारवडवलीतल्या फ्लॅटमध्ये फोडणीचं तेल फिल्टरवर बसतं, तिथे छपरावर ब्रश घेऊन उभा असलेला माणूस, विटांचं धुराडं आणि "लेव्हल 2 इन्स्पेक्शन" या गोष्टींचं काय काम? ठाण्याच्या व्यवसायांच्या साइटवर असे फोटो अजून दिसतात. बघणाऱ्याला लगेच कळतं की साइट उचलून लावलेली आहे.

माझ्या मते पाच पानं पुरतात: मुख्य पान, दर, बिघाड ओळखा, कुठे येतो, संपर्क. "आमच्याविषयी" हे वेगळं पान नको, मुख्य पानावर चार ओळी आणि टीमचा खरा फोटो पुरे. ब्लॉग पहिल्या वर्षी तरी नको.

मुख्य पानावर मोबाइलच्या पहिल्या पडद्यात, म्हणजे बोट न सरकवता, एवढंच दिसावं: काय करतो ("किचन चिमणी सफाई आणि दुरुस्ती"), कुठे करतो ("ठाणे, ऐरोली, वाशी, नेरुळ"), व्हिजिट चार्ज किती, आणि फोन व व्हॉट्सॲपची दोन बटणं. आपोआप सरकणारे बॅनर नकोत. दुसरा बॅनर फारसं कोणी बघत नाही आणि पहिला येईपर्यंत पान जड होतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: कंपन्यांचे लोगो लावून आपणच त्यांचं अधिकृत सर्व्हिस सेंटर असल्याचं भासवू नये. "सर्व प्रमुख कंपन्यांच्या चिमण्या दुरुस्त करतो, आम्ही स्वतंत्र सेवा देणारे आहोत" हे वाक्य मुख्य पानावर आणि तळपट्टीत साध्या अक्षरांत असावं. दुरुस्ती कशाची करतो हे सांगण्यापुरतं कंपनीचं नाव लिहिणं वेगळं. लोगो, रंग आणि "कस्टमर केअर" असं शीर्षक लावणं वेगळं. ट्रेडमार्क कायदा 1999 आणि ग्राहक संरक्षण कायदा 2019 या दोन्हींत ते अडकतं. शिवाय वॉरंटीतली चिमणी ग्राहक तुमच्याकडून उघडून घेतो, वॉरंटी जाते आणि भांडण तुमच्या दारात येतं. म्हणून बुकिंगच्या वेळी पहिला प्रश्न "चिमणी वॉरंटीत आहे का?" आणि उत्तर हो असेल तर "कंपनीलाच बोलवा". असं एक काम सोडलं की पुढची चार मिळतात.

---

बॅफलफिल्टर

धागा कामाचा. "बिघाड ओळखा" या पानावर लिहितो, कारण बहुतेक साइटवर तिथे "आमचे अनुभवी तंत्रज्ञ" याशिवाय काही नसतं. ग्राहक येतो तो लक्षण घेऊन. तो "कपॅसिटर" शोधत नाही, "चिमणी आवाज करते" असं शोधतो. म्हणून प्रत्येक लक्षणाचं एक उपशीर्षक, खाली दोन-तीन ओळींत कारण, आणि शेवटी हे काम घरी होतं की चिमणी उतरवावी लागते ते.

मोटर गुणगुणते पण पंखा फिरत नाही: बहुतेक वेळा कपॅसिटर (मोटरला फिरायला जोर देणारा छोटा विद्युत भाग). त्याच मायक्रोफॅरॅडचा आणि तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टेजचा बसवायचा. घरी होणारं काम. पण बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, इलेक्ट्रॉनिक बोर्डावर चालणाऱ्या) मोटरच्या चिमणीत हा हिशोब लागू नाही, तिथे बोर्ड तपासावा लागतो. ही ओळ पानावर टाकाच, नाहीतर "फक्त कपॅसिटर आहे, एवढे कसले पैसे?" हे ऐकावं लागेल. कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही विद्युतभार राहू शकतो, म्हणून ग्राहकाने हात घालू नये हेही त्याच ओळीत.

थरथर आणि घरघर: पंख्याच्या पात्यांवर चिकट थर एका बाजूला जास्त बसला की तोल जातो. अशीच चालवत राहिलं की मोटरचं बेअरिंग जातं. इथे सफाई पुरते की मोटर बदलायची, हे पंखा हाताने फिरवून बघितल्याशिवाय सांगता येत नाही. फोनवर सांगू नये.

तेल ठिबकतं: तेलाची वाटी भरलेली, किंवा बॅफल फिल्टर (स्टीलच्या पट्ट्यांचा फिल्टर) उलटा बसवलेला, किंवा डक्टला, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या पाइपला, चुकीचा उतार.

ओढत नाही: फिल्टर साफ असूनही धूर घरात राहत असेल तर डक्ट बघा. सहा इंची पाइपला मध्येच चार इंची जोड दिलेला असतो, किंवा खिडकीपर्यंत तीन-चार वळणं असतात. प्रत्येक काटकोनी वळण ओढ कमी करतं. बाहेरच्या टोकाची झडप चिकटून बंद राहिली तरी हेच होतं. स्वयंपाकघराच्या खिडक्या-दारं सगळी बंद असतील तर आत हवा यायला वाट नसते, मग तासाला 1200 घनमीटर हवा ओढणारी चिमणीही काही करत नाही.

टच बटणं चालत नाहीत: पॅनलमागे तेल आणि ओल. पावसाळ्यात जास्त.

ऑटोक्लीन चिमणीबद्दल वेगळा परिच्छेद हवाच. "ऑटोक्लीन आहे, सर्व्हिस कशाला?" हा रोजचा प्रश्न. हीटर पंख्याच्या घरातलं तेल पातळ करून वाटीत आणतो, तेवढंच. डक्ट, बाहेरची झडप, पॅनल हे त्यात येत नाही. आणि वाटी रिकामी कोणी करायची?

रसायन कोणतं वापरता तेही लिहा. कॉस्टिक सोड्याचं गरम पाणी स्टीलच्या बॅफलला चालतं, पण ॲल्युमिनियमच्या जाळीला ते खातं. जाळी काळी पडते, पातळ होते आणि ग्राहक म्हणतो "नवीन होती, तुम्ही खराब केली". पानावर स्पष्ट असू द्या: ॲल्युमिनियम जाळीसाठी सौम्य डिग्रीझर, कोळशाचा फिल्टर धुतला जात नाही, तो बदलतात.

---

पिक्सेलपाटील

+1. आता वेबच्या बाजूने.

चिमणी शोधणारा माणूस मोबाइलवर असतो, बहुतेक वेळा स्वयंपाकघरातच उभा, एक हात तेलकट. पान अडीच सेकंदांत दिसलं पाहिजे. गूगलच्या मोजमापात मुख्य मजकूर दिसण्याची मर्यादा 2.5 सेकंद, दाबल्यावर प्रतिसादाची 200 मिलिसेकंद आणि मजकूर हलण्याच्या गुणांकाची 0.1 आहे. साइट का जड होते याची कारणं या धंद्यात ठरलेली आहेत:

फोटो. मोबाइलमधून काढलेला चार-पाच एमबीचा "आधी-नंतर" फोटो तसाच चढवतात. 800 पिक्सेल रुंदीचा वेबपी (हलका फोटो-प्रकार) करा, 100 केबीच्या आत बसतो. रुंदी-उंची कोडमध्ये लिहा, नाहीतर फोटो येताच मजकूर खाली उडी मारतो आणि ग्राहकाचं बोट फोनच्या बटणाऐवजी भलतीकडे पडतं. पहिल्या पडद्यातल्या फोटोला लेझी लोडिंग (गरज पडेल तेव्हाच फोटो उतरवणं) लावू नका, बाकीच्यांना लावा.

नकाशा. संपर्क पानावर जिवंत गूगल मॅप बसवला की पान जड झालंच. ग्राहक तुमच्याकडे येणारच नाहीये, तुम्ही त्याच्याकडे जाणार. नकाशा काढा आणि विभागांची यादी द्या.

चॅटचा फुगा. बाहेरच्या कंपनीची चॅट पट्टी म्हणजे आणखी एक स्क्रिप्ट, आणि रात्री उत्तर द्यायला कोणी नसतं. व्हॉट्सॲप पुरे.

बटणं तळाला चिकटलेली ठेवा, उंची किमान 48 पिक्सेल, दोनच: "फोन करा" आणि "व्हॉट्सॲप". व्हॉट्सॲपच्या दुव्यात नंबर 91 पासून सुरू करायचा, अधिकचं चिन्ह, शून्य, मोकळी जागा काही नको. तिथेच चुकतं आणि "हा नंबर व्हॉट्सॲपवर नाही" असा संदेश येतो. दुव्याला आधीच लिहिलेला मजकूर जोडा: "चिमणी सर्व्हिस हवी आहे. विभाग: ___. चिमणीचा प्रकार: ___." प्रत्येक पानाचा मजकूर थोडा वेगळा ठेवला तर चौकशी कुठल्या पानावरून आली ते फुकटात कळतं.

मोजणीबद्दल: गूगल ॲनालिटिक्स 4 व्हॉट्सॲपच्या दुव्यावरचं क्लिक बाहेरचा दुवा म्हणून आपोआप धरतं, पण फोनच्या दुव्यावरचं धरत नाही. त्यासाठी गूगल टॅग मॅनेजरमध्ये वेगळा ट्रिगर (नोंद कधी घ्यायची तो नियम) करावा लागतो. तो केला नाही की "साइटवरून फोनच येत नाहीत" असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

होस्टिंगवर पैसे घालवू नका. पाच पानांची साइट स्टॅटिक (डेटाबेस नसलेली, तयार पानांची) करून मोफत होस्टिंगवर चालते. वर्डप्रेस हवंच असेल तर हलकी थीम आणि चार-पाचच प्लगइन. पेज बिल्डर टाळा.

---

मधली_आळी

दोन शंका. साइट मराठीत करावी की इंग्रजीत? आणि फॉर्म ठेवायचा की नाही?

---

पिक्सेलपाटील

फॉर्म ठेवा पण तीनच खाने: मोबाइल नंबर, विभाग, काय झालंय. नावही नको, फोनवर विचारता येतं. नंबरच्या खान्याला अंकांचा कीबोर्ड उघडेल असा प्रकार द्या. कॅप्चाऐवजी (माणूस आहात का हे तपासणाऱ्या कोड्याऐवजी) एक लपवलेला खाना ठेवा. माणसाला तो दिसत नाही, रोबो भरतो, आणि भरलेला आला की फेकून द्यायचा. नंबर फक्त या कामासाठी वापरू, ही ओळ बटणाच्या वर लिहा. आणि खरोखर तेवढ्यासाठीच वापरा.

भाषेबद्दल अक्षरजुळणी सांगतील.

---

अक्षरजुळणी

दोन्ही ठेवा, पण दोन वेगळ्या पत्त्यांवर. एकाच पानावर अर्धी मराठी अर्धी इंग्रजी केली की शोधयंत्राला आणि वाचणाऱ्याला दोघांनाही कळत नाही. ठाण्यात नौपाडा-पाचपाखाडीचा ग्राहक वेगळा, घोडबंदरच्या टॉवरमधला वेगळा. घोडबंदरला इंग्रजी पान जास्त उघडेल. मराठी पान यंत्राने भाषांतर करून टाकू नका. "आम्ही तुमची चिमणी प्रेमाने स्वच्छ करतो" छापाची वाक्यं येतात.

मराठी पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी म्हणून नोंदवा. ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श आहेत, ते तेव्हाच नीट उमटतात. नाहीतर हिंदी वळणाचे येतात. ओळींमधलं अंतर अक्षराच्या 1.6 पट तरी घ्या. इंग्रजीचं 1.2 तसंच ठेवलं की बटणांवरच्या वेलांट्या आणि रफार कापले जातात. "सर्व्हिस" हा शब्द बटणावर टाकून बघा, लगेच कळेल. फॉन्टची दोनच वजनं घ्या, देवनागरी फाइल इंग्रजीपेक्षा बरीच मोठी असते.

पानाच्या पत्त्यात मात्र रोमन अक्षरं ठेवा. देवनागरी पत्ता ब्राउझरमध्ये छान दिसतो, पण कॉपी करून व्हॉट्सॲपला टाकला की टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ होते. लोक ते बघून फसवणुकीचा दुवा समजतात.

---

सेक्टर_सतरा

"कुठे येतो" या पानावर माझे दोन शब्द. इथे सगळ्यात जास्त कचरा होतो. कुणीतरी सांगतं की प्रत्येक विभागाचं पान करा, मग चाळीस पानं होतात, मजकूर तोच, फक्त "माजिवडा" काढून "मानपाडा". गूगलच्या धोरणात अशा पानांना डोअरवे पेज म्हणतात आणि ते स्पॅममध्ये धरतात. पाच-सहा पानं करा, पण अशी की विभाग बदलला की कामही बदलतं.

ते खरंच बदलतं. वाशी, नेरुळच्या जुन्या सिडको इमारतींत स्वयंपाकघरात डक्टसाठी भोक ठेवलेलंच नाही. तिथे खिडकीच्या काचेत गोल कापून सहा इंची पाइप काढतात, किंवा काच काढून पत्रा-ॲक्रिलिक बसवतात. त्या पानावर काच कापण्याचा खर्च कोणाचा, ग्रिल आड आली तर काय, हे लिहा. घोडबंदरच्या नव्या टॉवरमध्ये उलट: बाहेरच्या भिंतीला हात लावायला सोसायटीची परवानगी नाही, डक्ट ठरलेल्या शाफ्टमध्येच (पाइपांसाठीच्या उभ्या मोकळ्या जागेत) जातो. तिथे शाफ्टपर्यंतची लांबी आणि बाहेरून काम करायला मनाई हा मुद्दा येतो. ही दोन पानं एकमेकांची नक्कल होऊच शकत नाहीत.

पत्त्याचा खानाही वेगळा लागतो. नवी मुंबईत नोड आणि सेक्टर विचारला की काम झालं: "कोपरखैरणे, सेक्टर 19". ठाण्यात सेक्टर नाही, कॉम्प्लेक्सचं नाव आणि विंग लागते, आणि एकाच बिल्डरच्या नावाचे दोन-तीन कॉम्प्लेक्स निघतात. म्हणून ठाण्याच्या ग्राहकाला पिनकोडही विचारा. खारघर, कामोठे हे नवी मुंबई म्हणून ओळखले जात असले तरी पालिका पनवेलची आणि पिनकोड 410 ने सुरू होणारा. "नवी मुंबई" एवढंच लिहून खारघरचा ग्राहक हातचा घालवू नका.

वेळांचं वचन देताना रस्ता बघा. "एका तासात हजर" हे कळव्याहून ऐरोलीला जमेलही, पण विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली पाणी भरलं की नाही. घोडबंदर रोडवर संध्याकाळी सहानंतरची वेळ देऊच नये. साइटवर "सकाळी 9 ते 12" आणि "दुपारी 12 ते 4" असे टप्पे ठेवा आणि विभागाला दिवस बांधून टाका, उदाहरणार्थ मंगळवार-शुक्रवार नेरुळ-बेलापूर. दिवसाला एका बाजूची चार कामं होतात, दोन्ही बाजू केल्या तर दोन.

बऱ्याच सोसायट्यांत दुपारी 2 ते 4 आवाजाचं काम चालत नाही. सफाईला अडचण नाही, ड्रिलला आहे. बुकिंगच्या संदेशात "गेटवर नोंद करून ठेवा, सोबत दोन माणसं आणि एक बादली-मशीन असेल" ही ओळ असली की वॉचमनशी होणारी दहा मिनिटांची हुज्जत वाचते.

---

रोखठोक

दर टाकण्याला माझा विरोध आहे. दर टाकले की ग्राहक पाच साइट उघडतो आणि सगळ्यात स्वस्ताला फोन करतो. प्रत्यक्ष चिमणी बघितल्याशिवाय दर सांगणारा एकतर फसवतो किंवा फसतो.

---

बॅफलफिल्टर

दुरुस्तीपुरतं मान्य. सफाईपुरतं नाही. सफाईत भांडण होतं ते दरावरून नाही, तर दरात काय येतं यावरून. दोन कामं असतात आणि दोघांनाही "सर्व्हिस" म्हणतात.

साधी सफाई: फिल्टर आणि तेलाची वाटी काढून गरम पाण्यात डिग्रीझर घालून वीस ते तीस मिनिटं भिजवणं, बाहेरची काच-स्टील पुसणं, आतला हाताला लागणारा भाग पुसणं. पंखा उघडत नाहीत. तासाभराचं काम.

पूर्ण सफाई: प्लग काढून, शेगडीचा नॉब आणि गॅस बंद करून, ओटा प्लास्टिकने झाकून, पंख्याचं घर उघडून पंखा बाहेर काढणं, मोटर आणि बोर्डाला पाणी लागणार नाही असं बांधून आतलं कवच साफ करणं, डक्टचं चिमणीकडचं टोक बघणं, जोडून तिन्ही वेगांवर चालवून दाखवणं. दीड ते दोन तास. फार जुना थर असेल तर चिमणी भिंतीवरून उतरवावी लागते, ते वेगळं.

हे दोन्ही शेजारी-शेजारी मांडा आणि प्रत्येकाखाली "यात येत नाही" असं लिहा: डक्ट बदलणं, सुटे भाग, काच कापणं, गॅस पाइपला हात लावणं. पाइप गॅस आहे तिथे शेगडीचं कनेक्शन सोडवायचं नाही, हे तर ठळक अक्षरात. लवचिक ॲल्युमिनियम डक्ट घासून साफ होत नाही, फाटतो. तो बदलतात, म्हणून दर फुटावर द्या.

---

रोखठोक

एवढं लिहिलं तर ठीक. मग दुरुस्तीचं काय?

---

खाडीकाठ

दुरुस्तीला फक्त व्हिजिट चार्ज ठोस लिहावा आणि नियम सांगावा: काम केलं तर बिलातून वजा, नाही केलं तर द्यावा लागेल. हा नियम फोनवर नाही, बटणाच्या शेजारी दिसला पाहिजे. भागांचं "पासून" लिहा, पण नुसतं "पासून" नको. "मोटर: अमुकपासून, साध्या तांब्याच्या मोटरला, बीएलडीसीला बघून सांगू" असं. बदललेला जुना भाग ग्राहकाकडेच ठेवू, हेही लिहा. आणि केलेल्या कामाची हमी किती दिवसांची, कशावर, ते: मजुरीवर वेगळी, भागावर वेगळी.

कराचंही बघा. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल आणि जीएसटी नोंदणी नसेल तर "अधिक जीएसटी" असं लिहिताच येत नाही. नोंदणी असेल तर 18 टक्के धरून दर दाखवा, शेवटी बिल फुगलेलं कोणालाच आवडत नाही.

---

नकाशेवाला

साइट कितीही छान केली तरी या धंद्यात निम्म्याहून जास्त खेळ गूगल बिझनेस प्रोफाइलचा, म्हणजे गूगल मॅपवर दिसणाऱ्या व्यवसायाच्या नोंदीचा आहे. दोन्ही एकत्रच करा.

घरून काम असेल तर प्रोफाइल "सेवा क्षेत्र" प्रकारचं करून पत्ता लपवायचा. ग्राहक येत नसलेल्या जागेवर पिन ठेवणं धोरणाच्या विरुद्ध आहे, प्रोफाइल निलंबित होतं. सेवा क्षेत्रं जास्तीत जास्त 20 टाकता येतात आणि सगळं क्षेत्र आपल्या जागेपासून साधारण दोन तासांच्या प्रवासात असावं अशी अपेक्षा आहे. ठाणे-नवी मुंबईला तेवढं पुरून उरतं. नाव दुकानाच्या पाटीवर आहे तेच. "चिमणी सफाई ठाणे वाशी बेस्ट" असं नावात कोंबलं की कोणीतरी प्रतिस्पर्धी तक्रार करतो आणि नाव बदलून येतं.

मुख्य वर्ग निवडताना तीच टेम्प्लेटवाली गडबड होते. "चिमनी स्वीप" हा वर्ग धुराड्यांचा आहे. मी मुख्य वर्ग "अप्लायन्स रिपेअर सर्व्हिस" ठेवायला सांगेन आणि सेवांच्या यादीत किचन चिमणी सफाई, मोटर बदलणं, डक्ट बसवणं असं वेगवेगळं लिहायला.

पडताळणी आता बऱ्याचदा व्हिडिओने होते. सलग, न कापलेला व्हिडिओ हवा: आधी रस्त्यावरची पाटी किंवा सेक्टरचा फलक, मग दुकानाचं शटर उघडताना किंवा नाव छापलेली गाडी, मग अवजारं, मग कागद. कागद म्हणजे गुमास्ता. दोन ते पाच माणसांच्या टीमला 2017 च्या दुकाने-आस्थापना कायद्यात फक्त सूचना द्यायची असते, त्याची पावती चालते. उद्यम प्रमाणपत्रही ठेवा. निकालाला पाच कामकाजाचे दिवस लागू शकतात. तेवढ्यात नाव-नंबर बदलत बसू नका.

अभिप्रायासाठी सूट द्यायची नाही. "पाच तारे द्या, पन्नास रुपये कमी" हे धोरणात बसत नाही. खूश दिसणाऱ्यालाच दुवा पाठवणंही नाही. सगळ्यांना सारखाच दुवा, काम झाल्यावर त्याच संध्याकाळी. आणि साइटवर स्वतःच चिकटवलेले तारे शोधात दिसतील ही आशा सोडा. स्वतःच्या साइटवरच्या स्वतःबद्दलच्या अभिप्रायांचे तारे गूगलने 2019 पासून बंद केलेत. प्रश्नोत्तरांचा मार्कअपही (शोधयंत्रासाठी कोडमध्ये लिहिलेली माहिती) 2023 पासून सरकारी आणि आरोग्याच्या साइट सोडून बाकीच्यांना शोधात दिसत नाही. त्याचे वेगळे पैसे मागणारा भेटला तर नमस्कार करा. साधा स्थानिक व्यवसायाचा मार्कअप, त्यात फोन, वेळा आणि सेवा क्षेत्र, एवढा पुरे.

ज्यांची जुनी मोफत गूगल साइट होती त्यांनी बघा, ती सेवा मार्च 2024 मध्ये बंद झाली. जुन्या व्हिजिटिंग कार्डांवर अजून तो पत्ता छापलेला असतो.

---

मधली_आळी

डोमेन कोणाच्या नावावर घ्यावं? साइट करणारा म्हणतो "मी घेतो, तुम्ही टेन्शन घेऊ नका."

---

नकाशेवाला

टेन्शन तिथेच घ्यायचं. डोमेन व्यवसायमालकाच्या ईमेलवर, मालकाच्या कार्डाने, रजिस्ट्रारचा पासवर्ड मालकाकडे. साइट करणाऱ्याला फक्त डीएनएसचे (डोमेन कुठल्या होस्टिंगकडे जातं त्या नोंदींचे) बदल करून द्यायचे. बिझनेस प्रोफाइलवर मालक हाच प्राथमिक मालक, साइटवाला "व्यवस्थापक". नवीन जोडलेल्या माणसाला पूर्ण हक्क मिळायला सात दिवस जातात, त्यामुळे दिवाळीच्या आदल्या आठवड्यात हे बदल करू नयेत. ईमेल दुकानाचा वेगळा काढा, मुलाच्या कॉलेजच्या ईमेलवर नको.

---

पिक्सेलपाटील

व्हॉट्सॲप ग्रुपवर दुवा टाकल्यावर जो चौकोन दिसतो, त्याकडे कोणी लक्ष देत नाही, आणि सोसायटीच्या ग्रुपवर तीच तुमची पाटी. 1200 बाय 630 पिक्सेलचं चित्र, 300 केबीच्या आत, त्यावर मोठ्या अक्षरांत नाव आणि "ठाणे, नवी मुंबई", मागे खऱ्या चिमणीचा फोटो. फोन नंबर चित्रात नको, बदलला की जुनं चित्र फिरतच राहतं. व्हॉट्सॲप चित्र साठवून ठेवतं, म्हणून पहिल्यांदा दुवा पाठवण्याआधीच तपासा.

व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये तीन तयार उत्तरं करून ठेवा. त्यातलं एक फोटो मागणारं: एक समोरून पूर्ण चिमणी, दुसरा फिल्टर काढून आत किंवा तेलाच्या वाटीजवळचं मॉडेलचं लेबल, तिसरा डक्ट जिथून बाहेर जातो तो. हे तीन आले की कपॅसिटर, मोटर, डक्टचा जोड यातलं काय सोबत न्यायचं ते ठरतं आणि दुसरी फेरी वाचते.

---

बॅफलफिल्टर

स्टिकरचं राहिलं. काम झाल्यावर लावायचा स्टिकर: सर्व्हिसची तारीख, काय केलं (साधी/पूर्ण), पुढची कधी, आणि क्यूआर. चिमणीच्या काचेवर किंवा खालच्या बाजूला लावू नका, उष्णतेने आणि तेलाने महिन्याभरात वाचता येत नाही. शेजारच्या कपाटाच्या दाराला आतून लावा. क्यूआर किमान अडीच-तीन सेंटिमीटर, मॅट लॅमिनेशन, चूक-दुरुस्तीची पातळी वरची घ्या म्हणजे थोडा तेलकट डाग पडला तरी स्कॅन होतो.

---

पिक्सेलपाटील

अनुमोदन. एकच पुरवणी: तो क्यूआर मोफत क्यूआर बनवणाऱ्या साइटच्या दुव्यावर नेऊ नका. चाचणीची मुदत संपली की दुवा मरतो आणि शेकडो घरांतले स्टिकर एकदम निकामी होतात. आपल्याच डोमेनवर एक छोटा पत्ता करा आणि तिथून व्हॉट्सॲपकडे वळवा. उद्या नंबर बदलला तरी स्टिकर चालेल.

---

मधली_आळी

वाचनखूण साठवली. दिवाळीच्या गर्दीसाठी साइटवर वेगळं काही?

---

सेक्टर_सतरा

फराळाच्या आधी सगळ्यांना एकाच आठवड्यात हवी असते. नवरात्रापासूनच मुख्य पानावर एक ओळ: कुठल्या विभागाच्या कुठल्या तारखा भरल्या. ती रोज हाताने बदला, उलट मोजणारं घड्याळ वगैरे लावू नका. आणि पूर्ण सफाई हवी असेल त्यांना फराळानंतरची तारीख सुचवा. तळणीआधी साधी सफाई पुरते, तळणीनंतर पंखा उघडायचाच असतो. प्रोफाइलवर लक्ष्मीपूजन-पाडव्याच्या विशेष वेळा टाकायला विसरू नका, नाहीतर गूगल "उघडे आहे" दाखवतं आणि फोन वाजत राहतो.